आजीच्या ट्रंकेतून एलपीच्या कव्हरपर्यंत : फोटो-कोलाजमधून अल्बमचं पॅकेजिंग कसं करावं

माझ्या मैत्रिणीने तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या गायल्या, चार वादकांसोबत ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांची एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, काढायची ठरवली. प्रती ३००. कव्हरचं काम तिने माझ्याकडे दिलं आणि त्यासोबत आजीची पत्र्याची ट्रंकही आणून ठेवली. ट्रंकेत लग्नाचे, बारशाचे, सातारच्या स्टुडिओत काढलेले फोटो, जुनी पत्रं, एक फाटकं पंचांग आणि बांगड्यांच्या डब्याचं झाकण निघालं. यातून फोटो-कोलाज करायचा हे ट्रंक उघडल्याबरोबर आम्हा दोघींना कळलं. पण तो छापून, घड्या पाडून, चिकटवून, आत रेकॉर्ड घालून लोकांच्या हातात कसा द्यायचा, हे मला माहीत नव्हतं. तोवर मी फक्त पुस्तकांची मुखपृष्ठं केली होती.

या कामाला पाच महिने लागले. छपाईच्या प्लेट्स एकदा पुन्हा काढाव्या लागल्या आणि काही कव्हरं घडीवर फुटली. तुमचे ते दिवस आणि पैसे वाचावेत म्हणून मी जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे. सीडी किंवा कॅसेट काढणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. मापं वेगळी आहेत, तीही दिली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पुस्तकाचं मुखपृष्ठ आपण पाहतो, रेकॉर्डचं कव्हर हाताळतो. ते उलटतं, उघडतं, त्यात हात जातो, आतली पिशवी सरकत बाहेर येते आणि मग तबकडी दिसते. कोलाज म्हणजे तोडून जोडणं, आणि कव्हरलाही जागोजागी कडा, घड्या आणि सांधे असतातच. कोलाजचे सांधे आणि कव्हरचे सांधे एकमेकांशी बोलले पाहिजेत. समोरचा चौकोन सुंदर सजवला आणि मागे गाण्यांची यादी टाकली, एवढ्याने पॅकेजिंग होत नाही.

लागणारं सामान

- प्रेसिंग (रेकॉर्ड दाबून बनवणं) किंवा छपाई करणाऱ्यांकडून आलेलं टेम्प्लेट, म्हणजे कव्हरचा मापाचा आराखडा
- फ्लॅटबेड स्कॅनर. शक्यतो सीसीडी सेन्सरचा (कारण पायरी ६ मध्ये)
- ११ नंबरच्या पात्याची सर्जिकल चाकू, भरपूर जादा पाती, कटिंग मॅट, स्टीलची पट्टी
- लहान टोकदार कात्री आणि चिमटा
- ग्लू स्टिक. पातळ फेविकॉल नको, त्याने पातळ कागद सुरकुततो
- मॅट (न चकाकणारा) कागद, १२० ते १३० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप), प्रती काढण्यासाठी
- एक वही, हक्कांच्या नोंदीसाठी. ही चाकूइतकीच महत्त्वाची

लागणारी कागदपत्रं

- प्रत्येक फोटोच्या मालकाची लेखी परवानगी
- फोटोत ओळखू येणाऱ्या हयात माणसांची संमती
- गाण्यांची अंतिम यादी, क्रम आणि बाजू (अ/ब), वेळेसह
- श्रेयनामावली, गायिकेने सही केलेली
- वापरलेल्या फॉण्टचा परवाना

## १. आधी ऐका, मग माध्यम ठरवा

कच्चं ध्वनिमुद्रण घेऊन बसा आणि सलग ऐका. मी चार दिवस स्वयंपाक करताना ऐकत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की प्रत्येक ओवीखाली जात्याची घरघर आहे आणि ती कधीच थांबत नाही. आमच्या कोलाजची मुख्य कल्पना तिथून आली. जात्याच्या वरच्या तळीला मध्यभागी दाणे टाकायचं तोंड असतं, आणि रेकॉर्डच्या मध्यभागी भोक असतं. तबकडीच्या लेबलवर जातं वरून दाखवायचं आणि त्याचं तोंड बरोबर भोकावर आणायचं, हे कागदाला कात्री लागण्याआधी ठरलं होतं.

मग माध्यम ठरवा. प्रत्येकात कोलाजला जागा किती मिळते ते बघा:

- एलपी : चौरस कव्हर, बाजू साधारण ३१५ मिमी. कणा, म्हणजे कव्हरची बंद कड, एका तबकडीसाठी जेमतेम ३ मिमी. लेबलचा व्यास १०० मिमी.
- सीडी : तबकडी १२० मिमी, पुस्तिकेचं पान साधारण १२० मिमी चौरस. पुस्तिका पिनअप (घडीवर पिना मारलेली) असेल तर पानं चारच्या पटीतच.
- कॅसेट : आतल्या कार्डाची उंची साधारण १०१ मिमी, समोरचा भाग ६५ मिमी, कणा १२ ते १३ मिमी.

ही मापं फक्त विचार करण्यासाठी धरा. अंतिम माप छापणाऱ्याच्या टेम्प्लेटचं, आणि ते जागोजागी थोडं बदलतं.

कॅसेटचं उभं, अरुंद कार्ड कोलाजला फार चांगलं असतं असं माझं मत आहे. तिथे दोन-तीन तुकड्यांतच गोष्ट सांगावी लागते, त्यामुळे पसारा होत नाही. पहिलंच काम असेल आणि पैसे कमी असतील, तर तिथून सुरुवात करा.

## २. टेम्प्लेट मागवा आणि त्याच दिवशी डमी (कोरा नमुना) करा

टेम्प्लेटमध्ये कटिंगची रेघ, घडीची रेघ, चिकटवायच्या पट्ट्या आणि ब्लीड दाखवलेलं असतं. ब्लीड म्हणजे कापायच्या रेघेबाहेर वाढवलेलं चित्र, सहसा चारी बाजूंनी ३ मिमी. ते ठेवलं नाही तर कापताना कडेला पांढरी रेघ निघते.

टेम्प्लेट खऱ्या मापात साध्या कागदावर छापा, जोडा, कापा, घड्या घाला. आत एखादी जुनी रेकॉर्ड घाला. आता हे कोरं पाकीट हातात घेऊन दहा वेळा उघडा आणि मिटा. अंगठा कुठे टेकतो, उघडी बाजू कोणती, पिशवी ओढताना आधी काय दिसतं, हे पेन्सिलने डमीवरच लिहा.

आमच्या डमीवर मी लिहिलं होतं : ‘उजव्या कडेतून हात आत जातो.’ त्यामुळे समोरच्या चित्रात आजीचा हात उजव्या कडेवर आला, मनगटापासून तुटलेला, आणि तोच हात आतल्या पिशवीवर पुढे चालू राहिला. पिशवी अर्धी ओढली की हात पूर्ण होतो. पडद्यावर काम करून हे मला कधीच सुचलं नसतं.

कोलाज समोरच असला पाहिजे असंही नाही. बीटल्स या इंग्लिश बँडच्या १९६८ च्या दुहेरी अल्बमचं कव्हर चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांनी जवळजवळ कोरं पांढरं ठेवलं आणि फोटोंचा भरगच्च कोलाज आतल्या पोस्टरवर दिला. रोलिंग स्टोन्स या बँडच्या १९७२ च्या दुहेरी अल्बमसोबत १२ पोस्टकार्डं दिली होती. तुमचा कोलाज नाजूक, बारीक तपशिलांचा असेल तर त्याला आतली जागा द्या. कव्हरच्या मानाने सुटा कागद छापायला स्वस्त पडतो, आणि माणूस तो मांडीवर घेऊन निवांत बघतो.

## ३. फोटो कोणाचा? हे आज विचारा, छपाईच्या दिवशी नाही

नवशिक्या माणसाची सर्वांत मोठी चूक इथे होते, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

‘जुना फोटो आहे, म्हणजे मोकळा आहे’ हा समज काढून टाका. आपल्याकडे पूर्वी छायाचित्राचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालत असे. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रं इतर कलाकृतींच्या रांगेत आली, म्हणजे छायाचित्रकाराची हयात आणि त्यानंतर ६० वर्षं. जुन्या मासिकातून कापलेला, चोरबाजारातल्या गठ्ठ्यात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेला फोटो तुम्ही विकत घेतलात, म्हणजे तो कागद विकत घेतलात. छापायचा हक्क त्यासोबत येत नाही.

घरच्या फोटोंची गोष्ट वेगळी, आणि ती दिलासा देणारी आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला असेल आणि उलट करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा माणूस असतो. म्हणजे आजोबांनी सातारच्या स्टुडिओत पैसे मोजून काढलेला जोडफोटो आजोबांचा, आणि मग त्यांच्या वारसांचा. वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. आमच्याकडे मैत्रिणीचे वडील, काका आणि आत्या अशा तीन सह्या झाल्या.

हौशी नातेवाइकाने, शेजाऱ्याने किंवा मित्राने फुकट काढलेला फोटो मात्र त्या काढणाऱ्याचा. त्याला किंवा त्याच्या मुलांना विचारा. लोक आनंदाने देतात, पण विचारल्याशिवाय घेतलं की दुखावतात.

माणसांबद्दलही हेच. बीटल्सच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या कव्हरसाठी पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या कलाकारांनी माणसाएवढे पुठ्ठ्याचे कटआउट उभे करून मोठा कोलाज रचला. त्यात दिसणाऱ्या हयात व्यक्तींकडून परवानग्या मागवाव्या लागल्या. लिओ गॉर्सी या नटाने ४०० डॉलर मागितले, तेव्हा त्याला चित्रातून काढलं. गांधीजींचाही कटआउट तयार होता. भारतात लोकांना आवडणार नाही या काळजीने ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखांनी तो काढायला लावला. एवढ्या मोठ्या कंपनीलाही हे सगळं निस्तरावं लागलं.

आपल्याकडे आणखी एक कायदा आहे, तो बहुतेकांना माहीत नसतो. बोधचिन्हं आणि नावं यांच्या अनुचित वापराला बंदी घालणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांची नावं व चित्रं आहेत. व्यापारी वापरासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. राष्ट्रध्वजही त्याच यादीत आहे. जुन्या घरांच्या फोटोंमध्ये भिंतीवर या तसबिरी हमखास असतात. आमच्या एका फोटोत आजीच्या मागे महाराजांची तसबीर होती. तो तुकडा मी आजीच्या खांद्यापाशी कापला आणि मागे पंचांगाचा कागद लावला.

आत्याने एक फोटो वापरू नका म्हणून सांगितलं. कारण तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. कव्हरवरचा तो सर्वांत देखणा तुकडा झाला असता. तो ट्रंकेत परत ठेवला. अशा वेळी वाद घालू नका.

वहीत प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि पुढे लिहा : कोणाचा, कोणी काढला, कोणाची परवानगी, तारीख. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर त्याचाही फोटो घ्या.

## ४. मूळ फोटोला कात्री लावायची नाही

एकाही नाही. मागे रिकामी भिंत असलेल्या, खराब झालेल्या फोटोलाही नाही. आधी सगळे फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, मॅट कागदावर प्रती काढा आणि त्या कापा. प्रत्येक फोटोच्या तीन आकारांत प्रती काढा : मूळ, दीडपट, अर्धा. आकार बदलता येणं हा कोलाजचा अर्धा जीव आहे.

हाताने रंगवलेल्या जुन्या स्टुडिओ फोटोंवर काही ठिकाणी रंगाचा थर निघत असतो. त्यांना ओलं बोट, चिकटपट्टी काही लावू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा.

मासिकातून किंवा छापील कागदातून घेतलेलं चित्र (परवानगीसह) स्कॅन करताना वेगळा सापळा आहे. छापील चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. ते स्कॅन करून पुन्हा छापलं की जुने ठिपके आणि नवे ठिपके एकमेकांवर पडून लाटांची नक्षी उमटते. स्कॅनरमध्ये डिस्क्रीनची सोय असते, ती सुरू करा. किंवा उलट वाट धरा : चित्र चार-पाच पट मोठं करा, म्हणजे ठिपके उघड दिसतील आणि तेच शैली म्हणून शोभतील. मधलं काही करू नका.

## ५. जमवाजमव

आता टेबल मोकळं करा. मी अठरा दिवस जेवणाचं टेबल अडवून ठेवलं होतं.

मांडा, चिकटवू नका. पहिले कित्येक दिवस तुकडे फक्त मांडायचे आणि फोनने फोटो काढत राहायचं. पंखा बंद ठेवा. आदल्या दिवशीची मांडणी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली की तिच्यातलं लटकं काय ते लगेच कळतं.

एक मोठा, दोन मध्यम, बाकी लहान. सगळे तुकडे सारख्या आकाराचे झाले की तो लग्नाच्या अल्बममधला सामूहिक फोटो वाटतो. १९१९-२० च्या बर्लिनमध्ये जर्मन कलाकार हाना होख यांनी सचित्र नियतकालिकांतून कापलेल्या तुकड्यांचे कोलाज केले. त्यांत इवल्याशा धडावर भलंमोठं डोकं, माणसाशेजारी माणसाहून मोठं यंत्राचं चाक अशी मापं हेतुपुरस्सर मोडली आहेत. नजर तिथे अडखळते आणि थांबते. आमच्याकडे सर्वांत मोठा तुकडा चेहऱ्याचा नव्हता, आजीच्या बांगड्या भरलेल्या हाताचा होता. चेहरे नखाएवढे.

दुसरी वाट : जाळी. तुकडे आकाराने वेगवेगळे नसले तरी चालतं, पण मग शिस्त कडक हवी. टॉकिंग हेड्स या अमेरिकी बँडच्या १९७८ च्या अल्बमवर चौघांची आकृती ५२९ पोलरॉइड फोटोंच्या चौकोनी जाळीतून जुळवली आहे, म्हणजे २३ गुणिले २३. सांध्यांवर आकृती थोडी थोडी निसटते, त्यातच तिची मजा आहे. गायक जिवंत समोर असेल आणि जुने फोटो नसतील तर हा मार्ग घ्या : एकाच बैठकीत जवळून शंभरेक फोटो काढा, त्यांच्या प्रती काढा आणि जुळवा.

कडा ठरवा. चाकूची धारदार कड, कात्रीची किंचित वळलेली कड आणि हाताने फाडलेली पांढरी तंतूंची कड, या तिघी वेगळ्या बोलतात. एका कोलाजमध्ये दोनच वापरा. आम्ही माणसं कात्रीने कापली आणि कागद, पत्रं, पंचांग हाताने फाडले. फाडताना तुकडा कोणत्या हातात धरता त्यावर पांढरी कड दिसते की लपते हे ठरतं. रद्दीवर करून बघा.

रिकामी जागा. निम्म्याहून थोडी कमी जागा मोकळी ठेवा. नाव कुठे बसणार ते आत्ताच पेन्सिलने आखा. कोलाज पूर्ण करून मग नावाला जागा शोधली, तर नाव कुणाच्या तरी कपाळावर बसतं.

घडीपासून अंतर. कणा आणि घडीच्या दोन्ही बाजूंना ५-६ मिमीत चेहरा, डोळे, अक्षर नको. तुकडा मुद्दाम घडीवरून पलीकडे न्यायचा असेल तर तो मोठा आणि साधा असू द्या : पदर, शेत, भिंत. छपाईत आणि चिकटवताना एक-दीड मिमी सरकतंच. पदर सरकला तर कोणाला कळत नाही, नाक सरकलं तर सगळ्यांना कळतं.

सगळं ठरलं की चिकटवायला बसा. खालच्या थरापासून वर या. प्रत्येक तुकड्यावर कोरा कागद ठेवून तळहाताने दाबा, आणि रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा.

## ६. कोलाज स्कॅन करणं

एलपीचं कव्हर ३१५ मिमी, आणि ए-३ स्कॅनरची रुंदी २९७ मिमी. म्हणजे खऱ्या मापात केलेला कोलाज ए-३ स्कॅनरवरही एका फटक्यात बसत नाही. दोन भागांत स्कॅन करून जोडता येतो, पण एक अडचण येते. स्कॅनरचा दिवा एका बाजूने प्रकाश टाकतो, त्यामुळे उंचावलेल्या कडांची बारीक सावली एकाच दिशेला पडते. दुसरा भाग कागद फिरवून स्कॅन केला की सावल्या उलट पडतात आणि जोड उघडा दिसतो. कागद फिरवू नका, फक्त सरकवा.

मी दुसऱ्यांदा सोपा उपाय केला. कोलाज २१० मिमी चौरसात, म्हणजे ए-४ स्कॅनरवर मावेल एवढा केला. ६०० डीपीआयला स्कॅन करून सुमारे १.५७ पट वाढवला की कव्हर ब्लीडसकट भरतं आणि तरी ३८० डीपीआयच्या आसपास बारकावे उरतात. छपाईला ३०० पुरतात. शिवाय मोठं केल्यावर कागदाचे तंतू आणि कात्रीची कड जास्त जिवंत दिसते.

स्वस्त, पातळ स्कॅनर बहुधा सीआयएस सेन्सरचे असतात. काचेपासून कागद जरा उचलला गेला की त्यात चित्र धूसर येतं. थरांच्या कोलाजला सीसीडी स्कॅनर हवा. घरी नसेल तर चांगल्या फोटो लॅबमध्ये चौकशी करा.

## ७. अक्षरं आणि मजकूर

देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून ३ मिमीच्या कण्यावर नाव बसवणं कठीण जातं. नाव लहान ठेवा, जाड वजन घ्या आणि खऱ्या मापात छापून हातभर अंतरावरून वाचून बघा. मुक्ता किंवा बलूसारखे मुक्त परवान्याचे फॉण्ट उपलब्ध आहेत. आम्ही मुखपृष्ठावरचं नाव मैत्रिणीच्या आईच्या हस्ताक्षरात, शाईने लिहून घेतलं आणि तेही तुकडा म्हणून चिकटवलं.

सगळा मजकूर कर्व्ह्जमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकारांत, बदलून पाठवा. आमच्या प्लेट्स पुन्हा काढाव्या लागल्या त्या यामुळे. मी फाइल फॉण्टसह दिली होती. छापखान्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली. ‘ज्ञ’चे आणि ‘श्री’चे तुकडे झाले. घाईत कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. अक्षरांचा आकार झाला की ते कुठेही फुटत नाहीत. मूळ, दुरुस्त करता येणारी फाइल मात्र स्वतःकडे जपा.

मागच्या बाजूला काय असलंच पाहिजे, याबद्दल कॉपीराइट कायद्याचं कलम ५२अ स्पष्ट आहे. ध्वनिमुद्रिकेवर आणि तिच्या कव्हरवर ध्वनिमुद्रण तयार करणाऱ्याचं नाव व पत्ता, हक्क ज्याचे त्याचं नाव व पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष हवं. यासाठी कोलाजमध्ये एक शांत पट्टी राखून ठेवा. दुकानात विकणार असाल तर बारकोडलाही पांढरी जागा लागते.

श्रेयनामावलीत फोटोंचं श्रेय विसरू नका. आम्ही स्टुडिओचा शिक्का जसाच्या तसा पिशवीवर छापला. आणि ‘ओव्या :’ असं लिहून पुढे आजीचं पूर्ण नाव दिलं, माहेरच्या नावासह. जात्यावर गाणाऱ्या बायकांची नावं फार थोड्या ठिकाणी छापली गेली आहेत.

## ८. फाइल तयार करणं

इथे थोडक्यात. रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाया. चित्र ३०० डीपीआय, ब्लीड ३ मिमी, टेम्प्लेटच्या रेघा वेगळ्या थरावर आणि छपाईत न येणाऱ्या. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, चार रंगांच्या मिश्रणात नाही. चार रंगांच्या गडद भागातून बारीक पांढरी अक्षरं काढू नका. रंग केसभर सरकला तरी शिरोरेषा बुजते. जुन्या फोटोंचे गडद भाग एकावर एक आले की शाईचा थर फार जाड होतो आणि सुकत नाही, म्हणून एकूण शाईची मर्यादा छापखान्याला विचारून घ्या.

जुन्या फोटोंत कोणी पिवळट, कोणी निळसर, कोणी तपकिरी असतो. सगळे एका रंगात आणायचा मोह होतो. आणू नका. तो फरक म्हणजे वेगवेगळी वर्षं आहेत.

तबकडीच्या लेबलला ताप आणि दाब सोसावा लागतो, कारण ते चिकटवलेलं नसतं, प्रेसिंगच्या वेळीच बसतं. म्हणून कागद प्रेसिंगवाले सांगतील तोच. मधल्या भोकाभोवती मजकूर ठेवू नका.

## ९. छापखाना, प्रूफ (तपासायची प्रत) आणि घड्या

एलपीचं सपाट कव्हर, दोन्ही बाजू आणि कणा धरून, ६३० मिमीहून रुंद होतं. डिजिटल छपाईच्या १३ × १९ इंची कागदावर ते मावत नाही. ३०० प्रती असतील तर ऑफसेट (प्लेट्सवरची छपाई) परवडतं. पन्नास-शंभरच असतील तर कोरी कव्हरं घ्या, कोलाज डिजिटलवर थोड्या लहान मापात छापा आणि हाताने चिकटवा. पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवायची पद्धत रेकॉर्डच्या कव्हरांना जुनीच आहे, आणि कोलाजला तर ती शोभूनच दिसते.

कागद ३०० ते ३५० जीएसएम. माझं मत मॅटकडे झुकतं. चकाकत्या कव्हरवर कापलेल्या कडा हरवतात.

आमची काही कव्हरं कण्यावर फुटली, कारण कागदाचे तंतू घडीला आडवे गेले होते. छापखान्यात तीन गोष्टी स्पष्ट विचारा : ग्रेन (तंतूंची दिशा) घडीला समांतर आहे का, घडीवर क्रीझिंग (घडीसाठी आधी दाबून पाडलेली खाच) होणार का, आणि गडद भागावर लॅमिनेशन आहे का. पंचिंगची डाय (कव्हर कापायचा साचा) बनण्याआधी त्याच कागदाची कोरी डमी मागा आणि तिच्यात खरी रेकॉर्ड आत-बाहेर करून बघा.

प्रूफ पडद्यावर पास करू नका. छापील प्रूफ दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा. ते कापा, घड्या घाला, जोडा. मजकूर अशा माणसाकडून वाचून घ्या ज्याने तो आधी पाहिलेला नाही. छपाईच्या दिवशी शक्य असेल तर स्वतः जा आणि पहिल्या चांगल्या प्रतीवर सही करा.

## १०. फोनवरचा चौकोन

स्ट्रीमिंगसाठी ३००० × ३००० पिक्सेलचा आरजीबी (पडद्याच्या रंगांतला) चौकोन लागतो. कव्हर नुसतं लहान करून देऊ नका. नखाएवढ्या चौकोनात वीस तुकडे म्हणजे गोंगाट. त्याच कोलाजचा एखादाच तुकडा उचला. आम्ही फक्त बांगड्यांचा हात आणि मागे फाटलेल्या पंचांगाची कड ठेवली.

## ११. आल्यावर

गठ्ठे आले की लगेच वाटू नका. दर गठ्ठ्यातली एक प्रत काढा आणि कणा, जोड, लेबलचं भोक, पिशवीचं सरकणं तपासा. रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत कव्हरं घासतात आणि तबकड्या वाकतात.

मूळ कोलाज आम्लमुक्त कागदात गुंडाळून सपाट ठेवा, उन्हापासून दूर. सगळे मूळ फोटो वहीतल्या क्रमाने ट्रंकेत परत लावा आणि ट्रंक मालकाकडे पोचवा. ती पोचवायला गेलो तेव्हा पहिली प्रत आत्याच्या हातात दिली. तिने पिशवी अर्धी ओढली, हात पूर्ण झालेला पाहिला, परत आत सरकवली आणि पुन्हा ओढली.